वहाळापलीकडची रांग

तोरणोलीची चंद्रा सरपंचपदाला उभी राहिली ती सासऱ्याच्या मयतापायी. तिला आजही कुणी विचारलं तर ती हेच सांगते, दुसरं कारण देत नाही.

शेलारवरून आत गेलं की तोरणोली लागते आणि तोरणोलीच्या मागे, वहाळ ओलांडला की मोहाचा पाडा. वहाळ म्हणजे पावसाळी ओढा. उन्हाळ्यात त्याच्या पात्रात पोरं क्रिकेट खेळतात, आषाढात तो माणसाच्या छातीला लागतो. शाळा, रेशनचं दुकान, एसटीचा थांबा, स्मशान, सगळं गावाच्या बाजूला. पाड्याच्या बाजूला थोडी घरं, भाताची खाचरं आणि अंगणवाडीची एक खोली. चंद्रा या पाड्यावर नांदायला आली. नवरा कुमार शेलारला कापडाच्या लूमवर कामाला. एक आठवडा दिवसाची शिफ्ट, एक आठवडा रात्रीची. ती स्वतः मानकोलीच्या गोदामात पॅकिंगला. दिवसभर खोके भरायचे, टेप मारायची, स्टिकर लावायचे. सुपरवायझर हिंदीत ओरडला की तीही त्याला हिंदीतच सुनवायची. बोलायला ही बाई भीत नाही, एवढं पाड्याला ठाऊक होतं.

सासरा काळूराम गेला तो भर पावसाळ्यात. दुपारी जेवला, भिंतीला टेकला आणि तसाच गेला. बाहेर वहाळ दुथडी भरून चालला होता. संध्याकाळी उतरेल म्हणून वाट पाहिली, उतरला नाही. सकाळी उतरेल म्हणून रात्र काढली, तर सकाळी आणखी चढलेला. मयत घरात, चुलीला विस्तव नाही, पोरं शेजारी नेऊन ठेवलेली. काळूरामचा धाकटा भाऊ मोरू उशाशी बसून होता. तो कुणाशी बोलेना की जागचा हलेना. हातातल्या फडक्याने भावाच्या तोंडावरच्या माश्या तेवढ्या वारत राहिला. तिसऱ्या दिवशी पाणी जरा कमी झालं तेव्हा माणसांनी तिरडी डोक्यावर घेतली आणि दोर धरून वहाळात उतरली. मधोमध एकाचा पाय सरकला, तिरडी कलली, आणि काळूरामचं पाऊल पाण्यात गेलं. चंद्राने ते काठावरून पाहिलं.

पुढे त्याच वर्षी निवडणूक लागली. सरपंचपद बाईला राखीव निघालं. पाड्यावर बैठक बसली तेव्हा कोण उभं राहणार यावर माणसं एकमेकांकडे बघत होती. चंद्रा पाणी द्यायला आली होती. तांब्या खाली ठेवून ती म्हणाली, "मी उभी ऱ्हाते. वहाळावर साकव पायजे, पायी जायचा बारका पूल, एवढंच बोलेन. दुसरं काय मला येत न्हाय."

कुमार चपापला. पण मोरूकाकाने मान वर केली आणि म्हणाला, "लिवा हिचं नाव."

समोर वैशाली उभी होती. गावातली, शिकलेली, नवऱ्याचा खडी-रेतीचा धंदा. बाई वाईट नव्हती. प्रचारात दोघी समोरासमोर आल्या तर एकमेकींना हसत असत. गावात वैशालीचं पारडं जड होतं, हे खरं. पण गावातलीही काही घरं चंद्राकडे वळली होती, आणि पाडा एकगठ्ठा पडला तर ती निघणार, असं दोन्हीकडची जाणती माणसं म्हणत होती. मतदान होतं गावच्या शाळेत, ऑक्टोबरात. तोवर पाऊस गेलेला असतो, म्हणून वहाळाचा विचार कुणी केलाच नव्हता.

मतदानाच्या दिवशी पहाटे चंद्रा उठली तेव्हा वारा पडला होता आणि हवा कोंदली होती. डोंगराच्या अंगाला ढग साचले होते. आदल्या दोन दिवसांत पाड्याने लवकर पिकणारं हळवं भात कापलं होतं. ते अजून खाचरात पसरून पडलं होतं. पावसात भिजलं की दाण्याला मोड येतात, वर्षाची मेहनत सडते. सकाळी चंद्रा घरोघर फिरली तर माणसं विळे नि दोर घेऊन शेताकडे निघालेली.

"चंद्रा, आधी भात उचलतो, मंग येतो," जो तो म्हणाला. "पाच वाजेस्तोवर हाय ना मतदान?"

गोदामात काम करत असली तरी ती शेतकऱ्याची पोर होती. भिजलेल्या भाताचा वास तिला माहीत होता. ती म्हणाली, "उचला आधी भात. मत काय पळून जात न्हाय. जेवून सगळे संगतीनं या."

मोरूकाका मात्र अंगणात तयार होऊन बसला होता. धुवट सदरा, टोपी, खिशात मतदानाचं कार्ड. "मी येतो आत्ताच," तो म्हणाला. "मला कसला भारा उचलायचाय?"

वहाळाला तेव्हा पोटरीएवढं पाणी होतं, पण दगडांना शेवाळ होतं आणि म्हाताऱ्याचे गुडघे धरलेले. "काका, एकटं नका येऊ, घसराल," चंद्रा म्हणाली. "दुपारी सगळ्यांबरोबर या. शेजारचा विपुल हात धरील तुमचा."

म्हातारा कुरकुरला, पण सुनेचा शब्द त्याने मोडला नाही. चंद्रा आणि कुमार तेवढे वहाळ ओलांडून गावात गेले.

दुपारपर्यंत गावचं मतदान सुरळीत चाललं. ऊन असं मरणाचं पडलं होतं की शाळेच्या पत्र्याखाली माणसं घामाने निथळत होती. चंद्रा मत देऊन केंद्रापासून दूर, पारावर बसली होती. जेवणं झाली. पाड्याची माणसं आता निघाली असतील, असं ती मनाशी म्हणत होती, तेवढ्यात डोंगराकडून काळोख आला. आधी वारा सुटला, शाळेच्या पटांगणातला मांडव आडवा झाला. मग पाऊस आला तो असा, की समोरचं देऊळ दिसेना. विजा कडाडत होत्या. गावातल्या बायका पोरांना घेऊन घरात पळाल्या. चंद्रा पारावर तशीच बसून राहिली. तिला भाताची आठवण झाली, मग वहाळाची, आणि मग ती उठून धावत सुटली, कुमार तिच्यामागे.

तिने वहाळ गाठला तेव्हा पाऊस ओसरत आला होता, पण वरच्या डोंगराचं पाणी आत्ता कुठे खाली पोचत होतं. सकाळचं पोटरीएवढं पाणी कमरेच्या वर गेलं होतं, आणि चहासारखं लाल होऊन वाहत होतं. पलीकडच्या काठावर पाडा उभा होता. सगळेच्या सगळे. भात खळ्यावर आणून, ताडपत्री टाकून, हातपाय धुऊन, बायका चांगली लुगडी-साड्या नेसून आल्या होत्या. म्हाताऱ्या होत्या, पहिल्यांदा मत देणाऱ्या पोरी होत्या. डोक्यावर प्लास्टिकची खोळ घेऊन ते रांग धरल्यासारखे काठाकाठाने थांबले होते.

"पानी उतरंल का?" पलीकडून कुणी ओरडलं.

चंद्राने कुमारला तिथेच थांबवलं आणि ती परत शाळेकडे पळाली. मतदान केंद्राचे मुख्य अधिकारी खोलीच्या दारात उभे होते. त्यांचेही कपडे भिजलेले होते, खोलीत पाणी शिरल्याने टेबलं सरकवलेली होती.

"साहेब, माझी माणसं वहाळापलीकडं उभी हायत. पानी उतरायला येळ लागंल. थोडा टाइम वाढवा."

त्यांनी ऐकून घेतलं. "ताई, वेळ संपताना इथे रांगेत जो असेल त्याला मी चिठ्ठी देतो, मग कितीही उशीर होवो, त्याचं मत घेतो. पण वहाळापलीकडची रांग मला धरता येत नाही."

"पन ती रांगच हाय, साहेब."

"दिसतंय मला," ते हळू आवाजात म्हणाले. "माझ्या हातात नाही."

ती पुन्हा वहाळावर आली तेव्हा पाड्याच्या पोरांनी दोर आणला होता. विपुलने एक टोक पलीकडच्या उंबराला बांधलं होतं आणि दुसरं दगड बांधून अलीकडे फेकलं होतं. कुमारने ते काठावरच्या विजेच्या खांबाला गुंडाळलं. दोघं तरणी पोरं दोर धरून पार आली, भिजून चिंब, आणि हसत हसत शाळेकडे पळाली. ते पाहून बाकीच्यांना हुरूप आला. बायकांनी पदर खोचले.

आणि मग मोरूकाका पाण्यात उतरला.

कुणाला कळायच्या आत तो उतरला होता. टोपी सदऱ्यात खोचलेली, कार्ड दातांत धरलेलं. दोन्ही हातांनी दोर धरून तो पाच-सहा पावलं आला. विपुल त्याच्या मागे उतरला. मधोमध पाण्याचा जोर होता तिथे म्हाताऱ्याचा पाय उचलला गेला आणि तो दोराला लोंबकळला. तोंड पाण्याखाली गेलं, वर आलं, पुन्हा गेलं. बायकांनी किंकाळी फोडली. विपुलने त्याला कमरेत धरलं आणि दोराच्या आधाराने इंच इंच मागे खेचलं. काठावर घेतलं तेव्हा म्हाताऱ्याचा पाय दगडात अडकून पिळवटला होता. कार्ड वाहून गेलं होतं.

तरीही त्याच्यामागच्या बाया दोराला हात घालत होत्या. "आमी जातो, आमी धट्ट्याकट्ट्या हाव," एक जण म्हणाली.

चंद्रा अलीकडच्या काठावर, खांबापाशी आली. तिला समोर माणसं दिसत होती आणि पाण्यात कलती तिरडी दिसत होती. तिने खांबाचा दोर सोडला. भिजलेला दोर सुटून प्रवाहात पडला आणि पलीकडच्या काठाला जाऊन लागला.

"काय केलंस!" कुमार ओरडला.

"परत जा!" चंद्रा पलीकडे बघून ओरडत होती. "घरी जा सगळे! कुनी उतरायचं न्हाय! मला नको मतं! परत जा!"

पाण्याच्या आवाजात तिचा आवाज फाटत होता. थोडा वेळ पलीकडे कुणी हललं नाही. मग एकेक जण वळला. मोरूकाकाला चौघांनी उचललं. तो मान वळवून तिच्याकडेच बघत होता.

मतदानाची वेळ संपल्यावर तासाभरात वहाळ उतरला. चंद्रा गुडघाभर पाण्यातून घरी गेली.

दुसऱ्या दिवशी मोजणी झाली. ती नऊ मतांनी पडली.

नऊ हा आकडा पाडा पुढे कितीतरी महिने उगाळत राहिला. नऊ तर एका घरात निघतात. कुणी म्हणे, दोर राहिला असता तर दहा-पंधरा जण सहज पार झाले असते. कुणी म्हणे, हिलाच भात उचला म्हणायची काय गरज होती? चंद्राने दोन्ही ऐकलं, आणि दोन्ही खरं होतं. कुमारही पहिले काही दिवस तिच्याशी कामापुरतं बोलला. मग एकदा जेवताना म्हणाला, "तुझ्या जागी मी असतो तर दोर सोडला नसता. पन कोन बुडलं असतं तर मी काय केलं असतं, त्ये मला ठावं न्हाय." त्यानंतर त्याने विषय काढला नाही.

मोरूकाकाने मात्र बोलणंच टाकलं. भिवंडीला नेऊन पायाला प्लास्टर घातलं, पाय जुळला, पण चाल लंगडी राहिली. घर भिंतीला भिंत लागून, बायको आधीच गेलेली, म्हणून जेवण चंद्राकडूनच जायचं. ती ताट ठेवायची. तो जेवायचा, ताट विसळून उंबऱ्यावर पालथं घालायचा. एक शब्द नाही. तिला पाठीत रट्टा चालला असता, पण ही मुकी शिक्षा जड जाई. गोदामात टेप मारता मारता मधेच तिचा हात थांबायचा. आपण त्याला सकाळीच येऊ दिलं असतं तर? पोटरीएवढं तर पाणी होतं. हात धरून आपणच नेलं असतं तर?

तिने साकवाचा पाठपुरावा सोडला नाही. पहिल्याच ग्रामसभेत ती उठून उभी राहिली आणि सरपंच वैशालीला म्हणाली, "निवडून तुमी आल्या, पन साकव पाड्याला पायजे." वैशालीने प्रस्ताव जिल्हा परिषदेकडे पाठवला. चंद्रा सुटीच्या दिवशी कचेरीत जाऊन बसायची. खूप फेऱ्यांनंतर मंजुरी आली, खांबांचे खड्डे खणले गेले, लोखंड येऊन पडलं, आणि काम तिथेच थांबलं. पाडा म्हणू लागला, जिंकली असती तर आज उभा असता. चंद्रा कुणाच्याही दारी जाऊन कशासाठीही बोलवायचं विसरली होती. हळदीकुंकवालासुद्धा.

मग मे महिन्यात लोकसभेचं मतदान आलं.

वहाळ कोरडा ठाक होता, पण ऊन माणसं भाजून काढत होतं. आठवडाभर रात्रीसुद्धा पत्रे निवत नव्हते. वर हवा इतकी दमट, की घाम वाळायचं नाव घेत नव्हता. पाड्यावर बहुतेकांनी ठरवूनच टाकलं होतं. तेव्हा पाण्यातून जायला निघालो तर परत पाठवलं, आता उन्हातून कोण जातं? चंद्राने कुणाला काही सुचवलं नाही. सकाळी लवकर ती एकटीच निघाली.

वहाळाच्या पात्रात, तिच्या पुढे, काठी टेकत मोरूकाका चालला होता. अंगात तोच धुवट सदरा. तिने पावलं आवरली आणि ती त्याच्यामागून चालत राहिली. तो थांबला की ती थांबायची. शाळेपर्यंत दोघं तशीच गेली.

रांग आधीच पटांगणाच्या फाटकापर्यंत आली होती आणि पुढे सरकत नव्हती. आत यंत्र अडलं होतं, दुसरं येईस्तोवर वेळ गेला. ऊन डोक्यावर चढलं. पटांगणात एक झाड नाही. माणसं रुमाल डोक्यावर घेऊन उभी, मग एकेक जण कंटाळून बाहेर पडायला लागला. एका बाईला घेरी आली, तिला घरी नेलं. तिच्या मागोमाग आणखी काही घरं निघून गेली. मोरूकाकाचा लंगडा पाय थरथरत होता, ओठ सुकले होते. चंद्राला राहवलं नाही.

"काका, घरी चला. तुमाला झेपायचं न्हाय."

म्हातारा वळला. दीड वर्षांत पहिल्यांदा त्याने तिच्या डोळ्यांत पाहिलं. "पुन्ना परत पाठवतेस?"

चंद्रा म्हणाली, "न्हाय. तुमी भिंतीच्या सावलीला बसा. तुमची जागा मी धरते. नंबर आला की हात देते."

त्याला बसवून, मागच्या माणसाला दोघांच्या जागा राखायला सांगून ती तडक वैशालीकडे गेली. सरपंचबाई व्हरांड्यात उभी राहून फोनवर पाणी मागवत होती.

"वैशालीताई, ताडपत्री हाय का घरी? रांगेवर सावली केली न्हाय तर दुपारी इथं कोन उरनार न्हाय."

वैशालीने आतल्या कर्मचाऱ्यांची परवानगी काढली, नवऱ्याला फोन लावला. खडीच्या गाडीवरच्या दोन ताडपत्र्या आल्या. व्हरांड्याच्या खांबांपासून फाटकापर्यंत त्या ताणून बांधताना दोघी बायका समोरासमोरच्या टोकांवर होत्या. गाठ मारता मारता वैशाली म्हणाली, "चंद्रा, मी कशी निवडून आले ते मला माहीत आहे. पाऊस आला म्हणून."

"पाऊस तुमी न्हाय आनला," चंद्रा म्हणाली. "पन खांबाचे खड्डे गेल्या पावसाळ्यापासून उघडे पडलेत, ते तुमच्याकडंच."

वैशालीने मान डोलावली. गाठ घट्ट आवळली.

मोरूकाकाचा नंबर आला तेव्हा चंद्राने हात दिला आणि त्याने तो धरला. हरवलेल्या कार्डाच्या जागी त्याच्यापाशी आधार कार्ड होतं. तो आत गेला, बराच वेळ लावून बाहेर आला; पाठोपाठ चंद्राही मत देऊन आली. बोटावरची शाई वाळेपर्यंत बोट ताठ धरून चालत होता.

परतताना वहाळाच्या काठी तो उंबराखाली टेकला. चंद्रा जरा अंतर ठेवून बसली.

"विपुल माझ्या पाठी उतरला व्हता," म्हातारा एकदम म्हणाला. "मी म्हातारा, मी गेलो असतो तर गेलो असतो. त्याच्या आईला मी काय तोंड दाखवलं असतं? ह्ये मला अंथरुनात पडल्या पडल्या कळलं. तू दोर सोडलास त्ये बरोबर केलंस."

चंद्राने त्याची पडलेली काठी उचलून जवळ घेतली.

"पन सकाळी मला आडवलंस त्ये चुकलं तुझं. कार्ड खिशात घालून दिवसभर बसलो व्हतो मी. दादासाठी द्यायचं व्हतं मला मत. त्यो राग हाय मला अजून. जायचा न्हाय."

"ऱ्हाऊ द्या, काका," ती म्हणाली. "माझं चुकलं हाय."

तो उठला. तिने काठी दिली. घराशी आल्यावर त्याने पाणी मागितलं, आणि पिऊन झाल्यावर म्हणाला, "ऊन कलल्यावर बाकीच्यांना ने. तू हाक मारल्याबिगर कोन यायचं न्हाय. सगळे तुझ्यावर रुसून बसलेत, मतावर न्हाय."

चार वाजता उन्हाचा जोर मोडला. चंद्रा पदर खोचून बाहेर पडली. दीड वर्षांनी ती पहिल्यांदा लोकांच्या अंगणात शिरत होती. "ऊन उतरलं हाय. शाळेत सावली केलीय. येता का?" एवढंच ती प्रत्येक दारात म्हणाली. विपुल आईला घेऊन निघाला. त्यामागोमाग दोन-तीन घरं निघाली. एका म्हातारीने "तू पुढं हो" म्हणून सांगितलं आणि खरोखरच मागून आली. चार घरांची दारं उघडली नाहीत. आत माणसं होती, पंखा चालू असल्याचा आवाज येत होता. चंद्रा तिथे दुसऱ्यांदा हाक मारून थोडी थांबली, आणि मग जी आली होती त्यांना घेऊन वहाळात उतरली.